अण्णांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता

सांगलीच्या एका २९ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ती खासगी शिकवणीत गणित शिकवते. तिचे वडील, घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात ४० वर्षं दिवाणजी होते. ३२ वर्षं गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, आषाढीला दिंडीबरोबर पायी पंढरपूर. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं, सगळं सामान गेलं, तेव्हाही ‘त्याची इच्छा’ एवढंच म्हणून ते गाळ उपसायला लागले. दोन वर्षांपूर्वी आईला कॅन्सर निघाला आणि आठ महिन्यांत ती गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी गळ्यातली माळ काढून आईच्या फोटोला घातली. तेव्हापासून ते देवघरापुढे बसलेले नाहीत. दिवा ही मुलगीच लावते, ‘त्यांच्या वतीने’.

आत्या म्हणते, तू शिकलेली आहेस, तूच त्यांना पटवून दे. दिंडीतली माणसंही दोनदा येऊन गेली. म्हणून तिनं चार महिने वाचन केलं, देवाच्या अस्तित्वाचे तात्त्विक युक्तिवाद वहीत उतरवले आणि रोज संध्याकाळी एकेक अण्णांना समजावून सांगितला. अण्णा ऐकत राहिले. ‘घड्याळ आहे म्हणजे ते करणारा असणारच, तसंच जगाचं’ हा युक्तिवाद सांगितला त्या दिवशी ते म्हणाले, ‘‘घड्याळ करणारा असंल की. माझं का फोडलं, तेवढं विचार त्याला.’’ तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आईचं पूर्वजन्मीचं काही असेल.’’ अण्णा उठून गेले. त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात.

तिचे प्रश्न दोन आहेत. सगळ्यात भक्कम युक्तिवाद कोणता, आणि मी मांडण्यात कुठे कमी पडले? आणि एकही युक्तिवाद टिकत नसेल, तर मी रोज दिवा कशाच्या जोरावर लावते?

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. मी ३० वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. तू पत्रासोबत वहीची जी पानं पाठवलीस ती मी दोनदा वाचली. नीट, स्वच्छ काम आहे. अण्णांविषयी मला बरंच बोलायचं आहे, पण तर्काचा प्रश्न तू मनापासून विचारला आहेस, त्याला बगल देऊन मी पुढे जाणार नाही. आधी तोच घेते.

तुझं पहिलं पान घड्याळाचं आहे. माळावरून चालताना दगड दिसला तर आपण विचारत नाही तो कुणी केला, पण घड्याळ सापडलं तर ते करणारा कुणीतरी असणार हे लगेच मान्य करतो. मग इतकं घडीव जग आपोआप कसं? विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूनं १८०२ मध्ये हे लिहिलं. पण त्याच्या आधी आठशे वर्षं हाच युक्तिवाद आपल्याकडे घड्याच्या रूपात उभा होता, आणि तुझ्या वहीत तो नाही याचं मला वाईट वाटलं. दहाव्या शतकात मिथिलेत उदयनाचार्य नावाचे नैयायिक, म्हणजे न्याय या तर्कावर भर देणाऱ्या दर्शनाचे पंडित, होऊन गेले. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा अख्खा ग्रंथ ईश्वराची सिद्धी करण्यासाठीच लिहिलेला आहे. त्यातली मुख्य मांडणी अशी: जे जे कार्य आहे, म्हणजे आधी नव्हतं आणि नंतर झालं, त्याला कर्ता असतो. घड्याला कुंभार असतो तसा. पृथ्वी, अंकुर ही कार्यं आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे.

आता मिरजेला सतारमेकरांच्या दुकानात जाऊन उभी राहा. तंबोऱ्याच्या खुंट्या, दांडी, घोडी, तिच्यावर लावलेली जवारी, हे सगळं कारागिराच्या हाताचं, कारण तो हात चालताना आपण पाहतो. पण त्याच तंबोऱ्याचा भोपळा? तो पंढरपूर भागातल्या मळ्यात वेलाला लागलेला असतो. शेतकऱ्यानं बी टाकलं, पाणी दिलं, राखण केली. भोपळा घडवताना मात्र कुणालाच कुणी पाहिलेलं नाही. ‘तंबोरा झाला’ आणि ‘भोपळा झाला’ या दोन वाक्यांत ‘झाला’ हा शब्द एकच आहे, तेवढ्यावरून दोघांनाही कारागीर असलाच पाहिजे का? धर्मकीर्ती या बौद्ध पंडितानं सातव्या शतकात हाच आक्षेप घेतला होता. त्याचं उदाहरण वारुळाचं. घडाही मातीचा, वारूळही मातीचं, मग वारूळ कुंभारानं केलं असं म्हणाल का?

नैयायिकांनी यावर दिलेलं उत्तर मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं सरसावून बसायची. ते म्हणाले, अंकुराला कर्ता नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? वाद तर त्याच्यावरच चालला आहे. वादात असलेली गोष्टच विरुद्ध उदाहरण म्हणून पुढे कशी करता? गंमत अशी की बौद्धही नैयायिकांना नेमकं हेच म्हणू शकतात. मला विचारशील तर हा पेच अजून सुटलेला नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये आलेल्या त्याच्या संवादरूपी पुस्तकात आणखी एक टोचणी आहे: घर बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? पुढे १८५९ मध्ये डार्विननं सजीवांपुरता तरी दुसरा रस्ता दाखवला, तेव्हा युक्तिवाद सजीवांवरून हलून विश्वाच्या मूळ स्थिरांकांवर गेला. गुरुत्वाकर्षणासारखी काही मूल्यं जराशी वेगळी असती तर तारे, ग्रह, आपण, काहीच झालं नसतं, असं तो आता म्हणतो. त्यावरचं भांडण आजही जोरात चालू आहे.

मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो तो आदिकारणाचा. आमच्या सातारकरांना तो सज्जनगडावरूनच भेटतो. दासबोधाच्या सहाव्या दशकाचं नावच ‘देवशोधन’. समर्थ सुरुवात अगदी व्यवहारातून करतात: ज्या गावात राहायचं तिथल्या धन्याची भेट घेतल्याशिवाय सुख कसलं? मग गावाच्या धन्यावर मोठा धनी, त्याच्यावर राजा, अशी चढण चढत ते या सगळ्याच्या मुळाशी कोण, इथवर आणून सोडतात. बगदादमध्ये शिकवणारा मुस्लिम पंडित गझाली, तेराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस, ही माणसं आपापल्या वाटेनं याच चढणीला लागलेली दिसतात. लाइबनिझ या जर्मन तत्त्वज्ञानं १७१४ मध्ये प्रश्न उघडा करून ठेवला: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? हा प्रश्न मला अजूनही रात्री जागं ठेवतो. यावर बर्ट्रंड रसेलचं उत्तर १९४८ मधल्या बीबीसीच्या एका चर्चेतलं आहे. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असली पाहिजे असं होत नाही. तर्क म्हणून हे बरोबर आहे. तरीही ‘जग आहे, बस’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कुणाचं होत असेल तर ते चुकलेत असं मला सिद्ध करता येणार नाही.

तिसरं पान तुला सगळ्यात आवडलेलं दिसतं, कडेला दोन तारे काढले आहेस. ते अन्सेल्म या ख्रिस्ती मठवासी पंडिताचं, १०७७-७८ च्या सुमाराचं. ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही असा तो देव. तो नुसता मनात असता तर प्रत्यक्षात असणारा त्याच्याहून मोठा ठरला असता. म्हणून तो प्रत्यक्षात आहेच. गणिताच्या माणसाला याची भूल पडणारच. गॉनिलो नावाच्या भिक्षूनं तेव्हाच विचारलं होतं, मग याच रीतीनं मी सर्वांत परिपूर्ण बेटही सिद्ध करू का? कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८१ मध्ये वर्मावर बोट ठेवलं: ‘असणं’ हा वस्तूचा गुणच नव्हे. कल्पनेतल्या शंभर नाण्यांत आणि खऱ्या शंभर नाण्यांत एका नाण्याचाही फरक नसतो, फक्त पहिली खिशात नसतात. अण्णांना हे पान तू वाचून दाखवलंस तेव्हा ते हसले, असं तू लिहिलं आहेस आणि तुला त्याचा राग आला. मला वाटतं त्यांना ते पुरतं कळलं होतं. कीर्दीत शंभर रुपये जमा लिहिले म्हणून गल्ल्यात शंभर रुपये येत नाहीत, हे ४० वर्षं रोजमेळ घातलेल्या माणसाला कांटकडून शिकावं लागत नाही.

गोडेल या तर्कशास्त्रज्ञानं देवाच्या अस्तित्वाची जी सिद्धता मांडली, तिच्याबद्दलही तू विचारलं आहेस. तिची एक मांडणी २०१३ मध्ये संगणकावर तपासली गेली आणि पायऱ्या बरोबर निघाल्या, हे खरं आहे. पण तपासल्या गेल्या त्या पायऱ्या. गृहीतकं मान्य करायची की नाहीत हे संगणक सांगत नाही, आणि हे तू रोज मुलांना शिकवतेसच.

तर तू मांडण्यात कमी पडली नाहीस. विचारी माणसाला मान तुकवावीच लागेल असा यातला एकही युक्तिवाद नाही. हजार-दीड हजार वर्षं तुझ्या-माझ्याहून तल्लख माणसं दोन्हीकडे बसलेली आहेत. तू आणखी चार महिने वाचलंस तर तुझी समज वाढेल, आणि त्यासाठी वाचच. अण्णांसाठी मात्र वाचू नकोस.

कारण अण्णांनी काय म्हटलं ते पुन्हा बघ. ‘घड्याळ करणारा असंल की.’ तू चार महिने जे सिद्ध करायला झटलीस ते त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. असेल कर्ता. त्यांचं त्याबद्दल भांडणच नाही. तू धरून चाललीस की अण्णांचा विश्वास कुठल्यातरी शंकेनं गेला, तेव्हा शंका दूर केली की तो परत येईल. आत्यालाही तेच वाटतं. पण तुझ्या पत्रातून मला दिसणारे अण्णा कधीच युक्तिवादानं देवाकडे गेले नव्हते. ते गेले होते विठोबाकडे, जो ऐकतो, वाट पाहतो, ज्याला आई म्हणून हाक मारता येते. उदयनाचा ईश्वर त्यांच्या वाटेवर कधी आलाच नाही, मग तो परत कसा आणणार?

पास्कल तुझ्या वहीत आहे, पण पैजेपुरता. देव मानून चाललात तर जिंकण्यासारखं पुष्कळ, हरण्यासारखं थोडं, ही ती पैज. अण्णांपुढे हे पान तू वाचलं नाहीस हे फार बरं केलंस. जो माणूस प्रेमानं चालत गेला त्याला नफ्या-तोट्याचं गणित दाखवणं हा त्याच्या वाटचालीचा अपमान झाला असता. पण त्याच पास्कलची दुसरी एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. १६६२ मध्ये तो वारल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद सापडला. त्यावर २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव टिपलेला होता, आणि त्यात त्यानं लिहिलं होतं की हा अब्राहमचा, इसाकचा, याकोबाचा देव. तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. युरोपातल्या त्या काळच्या सर्वोत्तम गणितींपैकी एकानं हे अंतर ओळखलं होतं. कर्ता आणि विठोबा यांच्यात जे अंतर आहे, तेच. ते तुझ्या वहीतल्या कुठल्याच पानानं कापलं जाणार नव्हतं.

अण्णांचा प्रश्न न्यायाचा आहे. तोही तत्त्वज्ञानात जुनाच, आणि माझ्या मते देवाच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांना सगळ्यात अवघड जाणारा. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. लोक चर्चमध्ये प्रार्थनेला बसले होते. व्होल्तेरसारख्या लेखकांनी तेव्हा विचारलं, देवानं केलेलं सगळ्यात चांगलं जग म्हणतात ते हेच का? आपण सांगलीकर-सातारकर याला परके नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा पाणी देवळात शिरलं आणि घरांतही.

पण तेव्हा अण्णा डगमगले नाहीत आणि आईच्या दुखण्यात डगमगले, हे तुला कोडं वाटतं. मला त्यात काहीच विसंगत दिसत नाही. पुरात गेलं ते त्यांचं होतं. आपल्या वाट्याचं नुकसान माणूस देवाच्या नावे खर्ची टाकू शकतो. आईचं दुखणं त्यांच्या खात्यावरचं नव्हतं. आठ महिने त्यांनी दुसऱ्याच्या वेदना पाहिल्या. त्या ‘त्याची इच्छा’ म्हणून लिहून टाकण्याचा हक्क आपल्याला नाही, असं त्यांना वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

आणि अशा वेळी तू पूर्वजन्म काढलास.

हे उत्तर उथळ नाही. ब्रह्मसूत्रांत हाच आक्षेप स्वतःहून घेतलेला आहे: जगात इतका भेदभाव आणि इतकं दुःख असेल तर देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं की नाही, कारण तो जिवांच्या कर्माला धरून चालतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच, रोप कसं येईल ते बियाण्यावर. देवावरचा आळ दूर करायला हे उत्तर उपयोगी पडतं. पण तो आळ उचलून कुणावर ठेवला जातो ते बघ. जिला काहीच आठवत नाही आणि जिला आता काहीच विचारता येत नाही, त्या बाईवर. पाठशाळेत बसून कर्मसिद्धान्ताची चर्चा करणं वेगळं, आणि जिनं आठ महिने सोसलं तिच्या नवऱ्याला ‘तिचंच काही असेल’ म्हणणं वेगळं. माझा भाऊ ऐन तरुणपणी गेला तेव्हा भेटायला आलेल्या एका बाई माझ्या आईला म्हणाल्या, ‘‘देवाला चांगली माणसंच आवडतात.’’ त्या बोलल्या मायेनंच. आई त्यानंतर २२ वर्षं जगली, त्या बाईंच्या दारात मात्र परत गेली नाही.

म्हणून पहिलं काम माफीचं. आजच, फार तर उद्या. लांबण नको, आणि माफीत नवा युक्तिवाद तर नकोच. ‘‘अण्णा, आईच्या पूर्वजन्माबद्दल मी बोलले ते चुकलं. मला काही माहीत नव्हतं आणि तरी बोलले.’’ एवढं पुरे. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे जोडू नकोस, कारण त्या क्षणी तुला तसंच म्हणायचं होतं. ते काही बोलले नाहीत तर नाही बोलले. दुसऱ्या दिवशी परत माफी मागून त्यांच्याकडून उत्तर काढू नकोस.

संध्याकाळची ती बैठक बंद कर. त्या वेळेला दुसरं काही लावायचं असेल तर आईबद्दल विचार. तुझ्या सात पानी पत्रात आईविषयी फार थोडं आहे, आजाराचं नाव, महिन्यांची संख्या आणि तिच्या दुखण्यातला एखादा ओझरता उल्लेख. तिचं माहेर कुठलं, तिला काय आवडायचं, अण्णा वारीला गेले की ती घर कसं चालवायची, यातलं काहीच नाही. चार महिने तू वाचत बसलीस ते अण्णांसाठीच होतं का, हा प्रश्न मी तुला विचारून ठेवते. उत्तर मला पाठवायची गरज नाही. अण्णांनाही कदाचित गेल्या सोळा महिन्यांत कुणी तिच्याबद्दल विचारलेलं नसेल. सगळे देवाबद्दलच विचारायला येतात.

आत्याला आणि दिंडीतल्या मंडळींना तुलाच सांगावं लागेल. आत्याची भीती खरी आहे. तिला वाटतं देव सुटला की माणूस सुटला. तिला तुझ्या शेजारचीच माणसं दाखव. सांगलीत जैन घरं काय कमी आहेत? जैन दर्शन जगाचा निर्माता मानत नाही, तीर्थंकर हे कर्ते नव्हेत. नवव्या शतकात जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याची कल्पना सडेतोड खोडून काढली आहे. त्या घरांतल्या व्रतांत, उपवासांत, दानात आत्याला कुठे उणं दिसलं? यज्ञयागावर सगळा भर देणाऱ्या मीमांसकांनाही जगाचा कर्ता लागला नाही. कुमारिलभट्टांनी तो नाकारला. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर अज्ञेयवादी होते, १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता गेले, पण त्यांच्या सचोटीवर त्यांच्या विरोधकांनाही बोट ठेवता आलं नाही. आणि आमच्या वाईला, प्राज्ञपाठशाळेत न्यायशास्त्र शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे हिंदू धर्माची कठोर समीक्षा करणारे झाले, तरी धर्मकोशाचं प्रचंड काम त्यांच्याच हातून झालं. माझ्या लहानपणी वाईत त्यांना घाटावरून जाताना पाहिलं आहे. देवाशी माणसाचं नातं एकाच सरळ रेषेत चालत नाही हे मला पुस्तकाआधी तिथे कळलं. आत्याला एवढी सगळी नावं सांगू नकोस. ‘‘अण्णांना थोडा वेळ द्या, आणि पुढचे सहा महिने त्यांच्यापुढे हा विषय काढू नका,’’ एवढं ठामपणे सांग. दिंडीतली माणसं आली तर चहा-पाणी होऊ दे, गप्पा होऊ देत. ते अण्णांचे ३२ वर्षांचे सोबती आहेत. फक्त वारीचा आग्रह नको.

आता एक मोह टाळ, तो मलाही होतो. तुकोबांनीही दुष्काळात बायको गमावली, मूल गमावलं. आणि त्यांच्याच गाथेत ‘माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल’ असं म्हणणारा अभंग आहे. अण्णांनी तो शेकडो वेळा ऐकलेला असणार. त्यांचं ‘असंल की’ वाचलं तेव्हा मला तोच आठवला. यावरून तुला वाटेल की देवावर रागावणं म्हणजे देव मानणंच, तेव्हा अण्णा आतून अजून भक्तच आहेत. असं त्यांना सांगू नकोस आणि स्वतःशीही ठरवून टाकू नकोस. हा फार सोयीचा तर्क आहे: मानलंत तर मानता, नाकारलंत तरी मानता. मग त्या माणसाला ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. त्यांनी माळ नदीत सोडली नाही, आईच्या फोटोला घातली. त्याचा अर्थ त्यांनाच ठाऊक असेल, किंवा त्यांनाही नसेल. उद्या त्यांनी माळ परत गळ्यात घातली किंवा कधीच घातली नाही, तरी ते तुझे अण्णाच आहेत, हे तुझ्या वागण्यातून त्यांना दिसू दे.

एक गोष्ट मात्र नीट बघ, आणि हे पत्र वाचणाऱ्या इतरांनीही आपापल्या घरी बघावं. देवपूजा बंद झाली ही काळजीची खूण नव्हे. जेवण कमी झालंय का, रात्र रात्र झोप नाही का, पूर्वी रोज पेठेत एक फेरी मारणारा माणूस आता घराबाहेर पडतच नाही का, ‘आता मी कशाला राहिलोय’ असं तोंडात येतं का, याकडे लक्ष ठेव. यातलं काही आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर तो भक्तीचा प्रश्न नाही, उपचाराचा आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. मिरजेला डॉक्टरांची वानवा नाही. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ वर फोन लाव, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा ऐकू आली तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, दिव्याचा. गणितात तू गृहीतकांपासून सुरुवात करतेस आणि ती सिद्ध करायला बसत नाहीस. ती का धरली, त्यांच्यातून काय उभं राहतं, हे पाहतेस. मी देवाला गृहीतक म्हणत नाहीये, तसं म्हणणं त्याला आणि गणिताला दोघांनाही छोटं करेल. पण ‘सिद्ध झालं तरच करेन’ हा नियम तू आयुष्यात दुसरं काय करताना लावतेस? आईच्या शेवटच्या महिन्यांत तू रोज रात्री तिचे पाय चेपत बसायचीस असं पत्रात ओझरतं आलं आहे. त्यानं काय साधणार, याचा पुरावा तू तेव्हा मागितला नव्हतास. तुला स्वतःला देवाबद्दल शंका असेल तर ती असू दे, तिच्यासकट दिवा लावता येतो. आणि मन अजिबातच नसेल तर काही दिवस नाही लावलास तरी चालेल, घरात कुणाचं काही वाईट होणार नाही.

फक्त ‘त्यांच्या वतीने’ लावणं थांबव. अण्णांनी तुला मुखत्यारपत्र दिलेलं नाही. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावचा दिवा लागतो, म्हणजे रोज सकाळी त्यांच्या निर्णयावर कुणीतरी न बोलता काट मारतं. लावायचा असेल तर तुझ्या नावानं लाव, आईच्या आठवणीनं लाव, आणि अण्णांनी एखाद्या दिवशी विचारलंच की कुणासाठी लावतेस, तर जे खरं असेल ते सांग.

वही टाकून देऊ नकोस. शेवटची तीन-चार पानं कोरी दिसली. त्यांत उदयन आणि धर्मकीर्ती उतरवून काढ, आणि त्या अंकुराच्या पेचावर तुझं स्वतःचं मत काय ते मला कळव. गणिताच्या माणसाचं त्यावर काय म्हणणं पडतं हे मला बरीच वर्षं ऐकायचं आहे.

तुझी,
ताई